अनुमोदन कोण देतंय?

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आमच्या गावच्या नगरपरिषदेत ठराव मांडला की महापौर विचारतात, "अनुमोदन कोण देतंय?" कुणीच नाही दिलं तर ठराव तिथेच पडतो. चर्चा नाही, मतदान नाही. माझा दर महिन्याला एकच ठराव असायचा: नगरसेवक वॉर्डावार निवडा. सगळं गाव एकत्र मतं देतं आणि गोरे जास्त, म्हणून रुळांपलीकडच्या आम्हा काळ्यांचा माणूस निवडून येत नाही. मी निवडून आले ती काळ्यांच्या हक्कांसाठी मोर्चे निघाले त्या वर्षी, तीही काठावर. मी मांडायचे, महापौर विचारायचे, आणि बाकीचे तिघे गोरे टेबलाकडे बघत बसायचे, जणू त्यावर काही सांडलंय.

बाहेर पायऱ्यांवर पूर्वी रस्त्यापर्यंत माणसं याच मागणीचे फलक घेऊन मुकाट उभी असायची. शेवटी उरली माझी नणंद इर्मा. घडीची खुर्ची, शेजारी फलक, मांडीवर उकडलेल्या शेंगांची पिशवी.

"घरी जा गं, गुडघे बघ तुझे."

"आणि तू आत तोंडघशी पडतेस ते बघायला कोण?"

मला हसवणारी ती एकटीच. नवरा गेल्यापासून माझ्या घरात फक्त रेडिओ बोलतो.

निवडणुकीआधी नियम बदलता येतील अशी मार्चची सभा शेवटची होती. नेमके महापौर आजारी पडले आणि त्या वर्षी पाळीने उपमहापौरपद माझ्याकडे असल्याने सभेची खुर्चीही माझ्याकडे आली. दारातच त्या तिघांतल्या ग्रेडी हॉलिसने मला गाठलं. इतकी वर्षं शेजारी बसून या माणसाने माझ्या नजरेला नजर दिली नव्हती.

"मिस व्हर्लीन, आज मी अनुमोदन देतो."

"आज सुचलं होय रे तुला? आज मी खुर्चीत आहे. खुर्चीतल्या माणसाला ठरावही मांडता येत नाही आणि अनुमोदनही देता येत नाही. नियम तुम्हीच केलेत."

"मग?"

"मग तू मांड."

त्याचा चेहरा उतरला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मागून हो म्हणायला तयार, पुढे व्हायला नको!

सभेत मी विचारलं, "आणखी काही ठराव?"

मग ग्रेडी उठला. कान लालबुंद. "नगरसेवक वॉर्डावार निवडावेत. मी मांडतो."

आता तो प्रश्न मलाच विचारायचा होता. "अनुमोदन कोण देतंय?"

उरलेले दोघे टेबलाकडे बघू लागले. ग्रेडी माझ्याकडे बघत एकटा उभा होता. दर महिन्याला मी कशी दिसत असेन, ते मला पहिल्यांदा दिसलं. हात वर करावासा वाटत होता, पण हातात सभाध्यक्षाची हातोडी होती.

"अनुमोदन नाही. ठराव पडला," मीच म्हटलं. आणि हातोडी आपटली, हवी त्याहून जोरात.

बाहेर आले तर इर्माने शेंगा पुढे केल्या. मागून ग्रेडी आला. गाडीकडे न जाता तिथेच घुटमळला.

"उभाच आहेस तर हे धर," इर्माने फलक त्याच्याकडे सरकवला. "माझे गुडघे गेलेत."

ग्रेडीने तो धरला. रस्त्यापलीकडे त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं, आणि त्याची गोरी गिऱ्हाइकं दारात येऊन बघत होती.