आधीचा घास

सुलेखाने मऊ भाताचा चमचा ओठांपर्यंत नेला आणि तिथेच थांबवला. समोर श्रीपादराव तिच्या गळ्याकडे टक लावून बसले होते. आधी बायकोने गिळायचं, मगच नवऱ्याने तोंड उघडायचं, हा त्या घरचा वर्षभराचा नेम. आज मात्र तिला गिळायची सोय नव्हती. तासाभरात इस्पितळात पोहोचायचं होतं, हृदयाची झडप बदलायची होती. त्यासाठी फ्रँकफर्टहून आलेली लेक, इरा, पहाटेपासून आईवर पहारा ठेवून होती.

"आई, न्युख्टर्न म्हणजे अगदी न्युख्टर्न, साफ उपाशीपोटी. पोटात काही गेलं तर ऑपरेशन पुढे ढकलतील."

श्रीपादरावांनी जर्मनीतल्या या बोब्लिंगेनमध्ये उभी हयात गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये घालवली आणि निवृत्त झाल्यावर जवळच्या किल्ल्यात गाईडचं काम धरलं. मध्ययुगातल्या मेजवान्या हा त्यांचा हातखंडा विषय. ऐकणारे पेंगायला लागले तरी यांचं आटपायचं नाही. जेवायच्या आधी पाहुण्याच्या हातावर पाणी घालायची रीत इथल्या सरदारांकडे होती, तशीच पूर्वेकडच्या सुलतानांकडेही होती. इथे मिठाचं भांडं कुणाजवळ यावरून मान कळायचा, तिकडे गादीपासून किती लांब बसवलं त्यावरून. शेवट तर ठरलेलाच असे. दिल्लीच्या बादशहाचं जेवण कापडात बांधून, मोहोर लावून यायचं आणि इथल्या उमरावाचा नोकर प्रत्येक पदार्थ आधी स्वतः चाखायचा. एवढी ऐपत असलेली माणसं, पण भीती दोघांना एकच, विषाची. हे सांगून ते स्वतःच खो खो हसायचे.

मग आजार आला आणि एकेक गोष्ट पुसत गेला. किल्ला गेला, कारखाना गेला, लेकीचं नावही गेलं. नेमकी ती भीती तेवढी राहिली. कुणी पुढ्यात ताट ठेवलं की ते ओठ घट्ट मिटून घेत. काल इराने त्यांच्यादेखत दोन घास खाऊन दाखवले, तर ही कुणाकडची म्हणून त्यांनी ताटच सरकवलं. आपण दवाखान्यात पडल्यावर हे उपाशी राहतील, याच काळजीने सुलेखाचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. स्वतःच्या छातीचं तिला एवढं काही वाटत नव्हतं.

तिने चमचा ओठांना लावला आणि नुसताच आवंढा गिळला. इतक्या वर्षांत तिने त्यांना असं कधी फसवलं नव्हतं. पण चमच्यातला भात होता तसाच होता आणि तो त्यांना दिसला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी झटकन तिचं मनगट धरलं.

"राहू दे. तू नको खाऊस."

त्यांनी चमचा काढून घेतला, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तो घास स्वतःच्या तोंडात घातला.

सुलेखाला कळायला क्षणभर वेळ लागला. कळलं तेव्हा तिला रडू आवरेना. हिला आज विषाचा संशय आलाय असं समजून श्रीपादराव ते विष स्वतःच्या पोटात घेऊन मोकळे झाले होते.

श्रीपादरावांनी जिभेने टाळू चाचपली. मग म्हणाले, "काही नाही यात. खा आता."

"तुमचं होऊ द्या," ती कशीबशी म्हणाली. "मी मागाहून बसते."

त्यांनी मान डोलावली आणि एकेक चमचा नीट पारखून खाल्ला. अर्धा भात झाल्यावर मात्र थांबले. उरलेला तिचा होता.

दाराशी उभ्या इराने हळूच विचारलं, "दुपारी मी काय करू?"

"आई जेवायची राहिलीय म्हणून सांग," सुलेखाने डोळे पुसले. "तिच्यासाठी चाखून बघा म्हणावं."

खाली टॅक्सी आली होती. कोट चढवून तिने मागे वळून पाहिलं. श्रीपादराव तिच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून बसले होते आणि भाताच्या वाडग्यावर त्यांनी आपला तळहात झाकण ठेवल्यासारखा ठेवला होता.