प्रार्थना कोण म्हणणार

यायराने गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं आणि सभागृहाबाहेरच्या चहाच्या टेबलाकडे पाहिलं. सिट्सोफे तिथे संयोजक लुमोर साहेबांच्या कानाशी लागली होती. आली नाही तोच सुरू.

दोघी घानातल्या केटा गावी एकाच दवाखान्यात रक्त तपासायच्या. राजधानी अक्रातल्या या परिषदेसाठी यायराने अर्धा पगार मोजला होता. सिट्सोफेने आजवर कुठल्याच परिषदेला छदाम दिला नव्हता. कधी पाहुण्यांना आणायला विमानतळावर जायची, कधी आभार मानायची, आणि गेली दोन वर्षं उद्घाटनाची प्रार्थना तिच्याकडेच असायची. प्रार्थनेशिवाय इथे माइकसुद्धा सुरू होत नाही. ती म्हणणाऱ्याला प्रवेश फुकट, वर पहिल्या रांगेत खुर्ची.

त्याच रांगेत आज डॉक्टर क्पोडो बसणार होत्या. त्यांच्या नव्या रक्तपेढीला माणूस हवा होता. यायराला ती जागा इतकी हवी होती की तिला घास जात नव्हता. आणि ही बया गोड बोलून तीही घेऊन जाणार!

सिट्सोफे तिथून हलल्यावर यायरा लुमोर साहेबांकडे गेली.

"साहेब, सांगू नये, पण ईस्टरपासून सिट्सोफे चर्चची पायरी चढलेली नाही. तिची प्रार्थना देवाला तरी चालेल का?"

लुमोर साहेबांनी कप खाली ठेवला. तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"बरं. मग तूच म्हण."

मंचावरून दार समोरच दिसत होतं. ओळखपत्र नाही म्हणून पहारेकऱ्याने सिट्सोफेला उंबऱ्याबाहेर थांबवलं होतं. यायराने डोळे मिटले. तिचा आवाज कधी नव्हे इतका स्वच्छ लागला. जे आले त्यांच्यासाठी तिने मागितलं. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठीही मागितलं, कारण तसं मागायची रीतच आहे. सगळ्या सभागृहाने आमेन म्हटलं.

खाली उतरताच डॉक्टर क्पोडोंनी तिचं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि शेजारच्या खुर्चीवर हात ठेवला. इथे बस म्हणाल्या. यायरा पाणी प्यायला म्हणून बाजूला आली. जिंकली होती ती.

लुमोर साहेबांनीच तिला पाणी दिलं.

"छान म्हटलंस. सिट्सोफे म्हणाली होती तसंच."

"काय म्हणाली होती?"

"या वेळी यायराला उभं करा. डॉक्टरीणबाई समोर असतील, एकदा तिचा आवाज त्यांच्या कानावर पडू दे. मी म्हटलं, मग तुझा प्रवेश जाईल. तर म्हणाली, माझं मी बघते." त्यांनी रिकामा पेला परत घेतला. "तू माझ्याकडे आलीस, त्याआधीच तुझं नाव ठरलं होतं."

यायराने दाराकडे पाहिलं. सिट्सोफेला अजून आत घेतलं नव्हतं. यायराची नजर पडताच तिने हाताने खूण केली, जा की, बस त्यांच्याजवळ.

आत्ता, या घटकेला, यायराला तिचा सगळ्यांत जास्त हेवा वाटला. डॉक्टर क्पोडो वळून तिची वाट पाहत होत्या. ती गेली आणि त्या खुर्चीवर बसली.