घरचं पाणी

"ह्या बाटल्या उन्हात कोणी ठेवल्या?" लम्यायने विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती. घरात दोनच माणसं, आणि तिने ठेवल्या नव्हत्या.

तिचा नवरा थोंगदी अंगणातच उभा होता. म्हणाला, "माशांच्या अंगावर पांढरं दिसलं. पांढरे ठिपके आले की ऊन दाखवतोच ना आपण? तीस वर्षं दाखवतोय."

"ठिपके आहेत हे? डोळे कुठे गहाण टाकलेस?"

तिने एक बाटली उचलून त्याच्या नाकासमोर धरली. दारूची चपटी बाटली, जंगली बदामाच्या पानाने चहासारखं झालेलं पाणी आणि त्यात एकच नर. झुंजीच्या माशांचे नर एकत्र ठेवले तर एकमेकांना फाडून काढतात, म्हणून प्रत्येकाला वेगळी बाटली आणि दोन बाटल्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा. ह्या नराच्या पाठीवर ठिपके नव्हतेच. खोगीर घातल्यासारखा एक पांढुरका पट्टा होता, ओठांना कापूस चिकटल्यासारखं झालं होतं आणि शेपटीची कड झडली होती. काल संध्याकाळी पुठ्ठा काढल्याबरोबर हा गालफडं फुगवून अंगावर आला होता. आता तळाशी कलंडला होता.

दोनशे बाटल्या दोघांनी उचलून पुन्हा सावलीत नेल्या, आणि तेवढा वेळ लम्यायच्या जिभेला विश्रांती नव्हती. थोंगदीने मुद्दाम काही वाईट केलं नव्हतं, हे तिलाही कळत होतं. पण कळलं म्हणून राग थोडाच जातो.

तिने जिल्ह्याच्या ठिकाणच्या मत्स्यडॉक्टर बाईंना फोटो पाठवला. बाई वयाने लहान, पण बोलणं रोखठोक. त्या म्हणाल्या, हे ठिपके नाहीत आणि बुरशीही नाही. हा जंतूंचा संसर्ग आहे आणि उष्णतेने तो दुप्पट वेगाने पसरतो. पाणी थंड ठेवा, चिमूटभर मीठ घाला, मी पाठवते ती पिवळी पूड मोजून टाका. जाळी, तांब्या, नळी, सगळं जांभळ्या औषधाच्या पाण्यात बुडवून मगच दुसऱ्या बाटलीला लावा. एका बाटलीचा थेंब दुसरीत जाता कामा नये. एवढं सांगून त्यांनी विचारलं, गेल्या काही दिवसांत बाहेरून नवीन मासा आला होता का?

लम्यायने कोपऱ्यातल्या मडक्याकडे पाहिलं.

आला होता. नऊ दिवसांपूर्वी, शेजारच्या चम्नियनचा लाल नर. घरातल्या घरात पैदास करत राहिलं तर वाण हडकतो, म्हणून चार-पाच वर्षांनी एकदा शेजारचा नर मागून आणायचा, ही गल्लीची जुनी रीत. मासा यायचा तो त्याच्या घरच्या पाण्यासकट. नुसता मासा ठेवून घेऊन ते पाणी ओतून देणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर फेकण्यासारखं. घेणाऱ्याने ते पाणी दोन्ही हातांनी आपल्या मडक्यात ओतायचं, म्हणजे पाहुण्याला परकं वाटत नाही. लम्यायने ओतलं होतं, अगदी दोन्ही हातांनी. मग आपली सगळ्यात चांगली मादी त्या मडक्यात सोडली. अंडी झाल्यावर नर मादीला मारतो, म्हणून रीतीप्रमाणे तिला काढून पुन्हा माद्यांच्या टाकीत टाकली. माद्या भांडत नाहीत फारशा, त्यांना बाटल्या लागत नाहीत. सिमेंटच्या एका टाकीत सगळ्या एकत्र. आणि मग तीच जाळी घेऊन ती नरांच्या बाटल्यांकडे वळली होती.

त्या टाकीत बाच्या वाणाच्या एकूण एक माद्या होत्या.

बाचा वाण म्हणजे काळपट निळं अंग आणि परांना लाल किनार. लम्यायच्या बापाने तो भाताच्या खाचरातल्या रानटी माशांपासून एकेक पिढी निवडत तयार केला होता. मरताना त्याने जमीन थोरल्याला दिली आणि मासे लम्यायला. वर एक ताकीद दिली, नर कोणालाही दे, मादी घराबाहेर जाऊ देऊ नकोस. लम्यायने ती एकतीस वर्षं पाळली. बाजारात ते नर पाहून लोक विचारत, मादी मिळेल का? ती नाही म्हणायची आणि त्या नाही म्हणण्यात तिला मोठी मजा यायची.

ती तडक चम्नियनच्या घरी गेली. ओट्यावर शंभरेक बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या आणि अंगणभर ब्लीचिंग पावडरचा वास होता. चम्नियन भाजी निवडत होती. तिने बसायला पाट सरकवला.

"किती गेले?" लम्याय उभ्यानेच म्हणाली.

"बस तर खरी."

"किती गेले?"

"दोनशेच्या वर."

"आणि माझ्याकडे नर पाठवलास तेव्हा?"

चम्नियनने हातातली जुडी खाली ठेवली. "तीस-पस्तीस. पण तो नर निरोगी होता गं. मी स्वतः निवडला. अंगावर डाग नव्हता त्याच्या."

"आणि पाणी कुठलं होतं, चम्नियन?"

चम्नियन तिच्याहून दोन वर्षांनी मोठी. चाळीस वर्षांत लम्यायने तिला ताई म्हटल्याशिवाय हाक मारली नव्हती. दोघींच्याही ते ध्यानात आलं.

"नर नाही म्हटलं असतं तर तू का म्हणून विचारलं असतंस," चम्नियन हळू आवाजात म्हणाली. "आणि व्यापारी यायचा होता. साथ आहे म्हटल्यावर ह्या गल्लीत कोणी पाऊल टाकलं असतं का? तुझ्या तरी दारात आला असता?"

"नसता आला. माझे मासे तर जगले असते."

"मला काय माहीत एवढं पसरेल."

"तुला माहीत नव्हतं तर साथ कोणापासून लपवत होतीस? मेलेले कुठे टाकलेस?"

चम्नियनची नजर मागच्या कालव्याकडे गेली. त्याच कालव्याचं पाणी गल्लीतल्या सगळ्या टाक्यांत जात होतं. लम्याय पाटाला लाथ मारून बाहेर पडली.

घरी येऊन तिने पुठ्ठ्याचा एक मोठा तुकडा घेतला आणि त्यावर रंगाने लिहिलं, 'ह्या घरातल्या माशांना साथ आहे. मासे विकणार नाही. कालव्याचं पाणी टाक्यांत घेऊ नका.' तो तिने फाटकाला तारेने बांधला. गल्लीत असा फलक आजवर कोणी लावला नव्हता. साथ आली की लोक म्हणत, यंदा पैदास कमी आहे, आणि दार लोटून घेत.

पुढचे सहा दिवस ती आणि थोंगदी जेवले कधी आणि झोपले कधी, त्यांचं त्यांना आठवत नाही. टाकीतल्या माद्या एकेक करून वेगळ्या काढल्या, एकशे बावीस. घरातल्या वाट्या, बरण्या, लोणच्याची चिनी मातीची भांडी, सगळी माद्यांना दिली. बर्फ आणून बाटल्यांभोवती ठेवला. पूड मोजून मोजून लम्यायची बोटं पिवळी झाली आणि जांभळ्या औषधाने मनगटं तपकिरी. अंगणातल्या राखणदाराच्या देवळीत ती रोज लाल सरबताची बाटली ठेवायची, ती तिने बंद केली. राखण करता येत नाही तर सरबत कशाला प्यायचंस, असं ती त्याला तोंडावर म्हणाली. थोंगदीने घाबरून हात जोडले.

नरांपैकी काही सावरायला लागले. माद्या सावरल्या नाहीत. टाकीत त्या चार दिवस एकमेकींच्या अंगाला घासत राहिल्या होत्या, डॉक्टर बाई म्हणाल्या, औषधाला फार उशीर झाला. सहाव्या दिवशी लोणच्याच्या भांड्यातली शेवटची मादी गेली. लम्यायने तिला बाकीच्यांबरोबर चुना घालून खोल पुरलं. मडक्यातली अंडी तर आधीच पांढरी पडली होती. मादी घराबाहेर दिली नव्हती, त्यामुळे आता जगात कुठेच नव्हती. बाच्या ताकिदीबद्दल तिला पहिल्यांदा काहीतरी वाईट बोलावंसं वाटलं. चम्नियनचा राग होता, थोंगदीचा होता, पण आता ती स्वतःच्या दोन हातांकडे पाहायची तेव्हा सगळ्यात जास्त राग त्यांचा यायचा.

आठव्या दिवशी चम्नियन फाटकाशी आली. आत आली नाही. व्यापारी फलक वाचून गल्लीच्या तोंडावरूनच परत गेला होता आणि चार घरची माणसं तिच्याकडे जाऊन बसली होती.

"तेवढा फलक काढ," ती म्हणाली. "सगळ्यांच्या पोटावर पाय येतोय, लम्याय."

"फलक काढला की मासे उठून पोहायला लागणार आहेत?"

"माझ्यावरचा राग गल्लीवर काढू नकोस."

"गल्लीवर काढायचा असता तर गप्प बसले असते, तुझ्यासारखी."

मग चम्नियनने विचारलं, ती पिवळी पूड किती पाण्याला किती टाकायची? तिच्या सुनेच्या बाटल्यांतही काल पांढरं दिसलं होतं.

लम्यायने तिच्याकडे नीट पाहिलं. वाटलं, दार लावून घ्यावं. मग आत जाऊन तिने पुडीच्या कागदावर प्रमाण लिहिलं, उरलेल्या पुडीतली अर्धी त्यात बांधली, आणि फाटकावरून एका हाताने पुढे केली. एका हाताने देत नाहीत, हे तिला माहीत होतं. चम्नियनने दोन्ही हातांनी घेतली. फलक तसाच राहिला.

पंधराव्या दिवशी अकरा नर उरले होते. लांबलचक फळीवर अकरा बाटल्या, आणि एवढी जागा असतानाही थोंगदीने मध्ये पुठ्ठे लावले होते. लम्याय रोजच्यासारखी तांब्या घेऊन अर्धं पाणी बदलायला निघाली. पाचवी बाटली तिने हातात घेतली, आणि थांबली.

पाण्यावर, बदामाच्या पानाखाली, अंड्यांसाठी नर बांधतो तसं बुडबुड्यांचं घरटं होतं. नर वर येऊन हवा घेत होता, एकेक बुडबुडा तोंडाने लावत होता, एखादा निसटला तर पकडून पुन्हा जागेवर बसवत होता. शेपटीची झडलेली कड नव्याने फुटत होती आणि तिला लाल किनार येऊ लागली होती.

"कोणासाठी रे मेल्या?" ती म्हणाली. तिला इतका राग आला की तिने बाटलीला हिसका दिला आणि दोन-चार बुडबुडे फुटले. नराने लगेच नवे लावायला घेतले.

तिने बाटली फळीवर जपून ठेवली आणि सहावीकडे वळली. पाचवीचं पाणी त्या दिवशी तिने बदललं नाही.