बारीक आवाज

मला बहिरा व्हायचं होतं, तेही दुपारच्या आत. सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता.

उसाचं गाळप सुरू व्हायच्या आधी कारखान्यात कामगारांची तपासणी होते. यंदा बीडहून कान तपासायची गाडीही आली होती. मी बबनराव, मिल हाऊसचा फिटर. चौतीस वर्षं इथली बेअरिंगं कानानं तपासत आलो. लोखंडी गजाचं एक टोक बेअरिंगवर, दुसरं कानामागच्या हाडाला, की कोणतं बेअरिंग जाणार ते आठ दिवस आधी सांगतो. नवे इंजिनिअर आधी हसतात, मग मुकाट्यानं गज मागायला येतात. अशा माणसाला चारचौघांत बहिरा ठरायचं होतं. लाज नुसती.

कारण आमच्या संचालकांचा ठराव. अठ्ठावन्नच्या आत जो तब्येतीनं अपात्र ठरेल, त्याच्या घरातल्या एकाला कामावर घ्यायचं. अठ्ठावन्न पुरे झाले की हार, नारळ आणि रामराम. माझे चार महिने उरले होते. माझा पोरगा परमेश्वर आयटीआय करून मांजरसुंब्याला ढाब्यावर ताटं उचलतो. वय बत्तीस. स्थळ आलं की पहिला प्रश्न, पोरगं कुठं चिकटलंय? तिथंच बोलणं संपतं.

काल जेवताना त्यानं मोबाइलवर तपासणीचा व्हिडिओ दाखवला.

"आबा, ध्यानात घ्या. जाड आवाज आला की बटन दाबायचं. बारीक आला की गप बसायचं. समदंच ऐकू येत न्हाई म्हणलात तर सोंग कळतंय त्यांना."

"आन् बारीक ऐकू आला तरी हात आवरायचा?"

"व्हय. त्यात काय अवघड हाय?"

"तुला काय अवघड असतंय बे!" मी ताट सरकवलं.

माझी बायको कौशल्या तव्यावरची भाकरी सोडून फिरली. "पोराच्या लग्नाचा इचार करा. त्या कानाचं काय लोणचं घालायचंय का?"

आता रांगेत मी चारदा उठलो. दोनदा चहा प्यायलो, तीन जणांना पुढं जाऊ दिलं. मिलवरचा सिदू म्हणाला, "फिटर, तुमी कावून आलाव? तुमचा कान म्हंजे मशीन हाय." त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

गाडीत कपाटाएवढी काचेची खोली होती. तपासणाऱ्या रोहिणी मॅडम लिंबागणेशच्या, माझ्या पुतणीच्या वयाच्या. त्यांनी माझ्या कानांवर हेडफोन चढवला, हातात बटन दिलं आणि दार लावलं.

जाड आवाज आले. मी दाबत गेलो. मग आवाज बंद झाले, तसं ओळखलं की आता बारीक येणार. हात आपोआप दाबायला जाईल या भीतीनं मी बटन मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हात बगलेत धरले. आता येईल, मग येईल. घाम फुटला. एवढा वेळ का लावतेय ही पोरगी, म्हणून चिडलोही. तेवढ्यात दार उघडलं.

"झालं काका."

"झालं कसं? बारीक आवाज द्यायचे राह्यले की."

"दिले ना. दोन्ही कानांत, लई येळा. मोठे करून पण दिले. तुमी बटन दाबलंच न्हाई."

गाडीच्या खिडकीतून माझ्याबरोबर आलेला परमेश्वर दिसत होता. निंबाखाली येरझारा घालत होता, माझ्याकडं बघत होता. जे मागायला आलो ते मिळालं होतं. उठायचं, सही करायची, घरी जायचं. एवढंच उरलं होतं, पण मला उठवेना.

"परत लाव पोरी," मी म्हणालो. "मी सोंग कराय आलतो. ऐकू आलं तरी दाबणार नव्हतो. आता खरं दाबतो."

तिनं माझ्या कानांवरचा हेडफोन नीट केला. म्हणाली, "बसा."

दार लागलं. पोराची नोकरी, लग्न, ठराव, काही काही डोक्यात नव्हतं. मला तो आवाज पाहिजे होता. डोळे मिटले. श्वास धरला. सगळा जीव कानात आणला.

आणि आला. लांबून, सुतासारखा बारीक, पण आला. मी बटन दाबलं. पुन्हा आला, पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा मी हसत होतो. बघ म्हणावं परमेश्वरा, तुझ्या बापाचा कान.

दार उघडलं. रोहिणी मॅडमनी हेडफोन काढला आणि मला नीट कळावं म्हणून माझ्यासमोर तोंड आणून म्हणाल्या, "काका, मी आजून सुरूच केलं न्हाई."