शिळे दाणे, ताजी तारीख

सासऱ्यांनी तिची पिशवी परत केली, ती तिसरी. तीही दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना. मूठभर कॉफीचे दाणे त्यांनी नाकाशी नेले, दोनदा आवाज करत वास ओढला, आणि पिशवी तिच्याकडे ढकलत म्हणाले, "शिळं आहे हे. आत ने."

दाणे तिनंच नऊ दिवसांपूर्वी भाजले होते, आणि तसं तिनं सांगितलंही. त्यावर ते गिऱ्हाइकांकडे बघून हसले. भाजणारा काय, आपल्या हातचं सगळं ताजंच म्हणणार, असं काहीतरी बोलले. लोकही हसले. सारी पेठ त्यांना 'नाकवाले काका' म्हणायची. त्यांनी ताजं म्हटलं की ताजं. सहा वर्षं भट्टीपुढे घाम गाळूनही सुनेच्या शब्दाला त्या दुकानात किंमत नव्हती. ती पिशवी आत घेऊन गेली.

त्याच आठवड्यात ती बँकेतून परत आली तर दाराच्या पायरीपासूनच करपल्याचा वास. स्वयंपाकघर दुकानाच्या मागेच. गॅसवर ठेवलेलं दूध आटून पातेलं काळंठिक्कर पडलं होतं. आणि सासरे? स्वयंपाकघराकडे पाठ करून, उघड्या दारापासून चार हातांवर, पेपर वाचत बसले होते. तिनं गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. ओरडली नाही. उलट तिला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. नाकवाल्या काकांचं नाकच गेलं होतं.

नवऱ्याला सांगावं असं तिच्या मनात आलंही. पण तो दिवसभर माल पोचवत गाडी घेऊन फिरायचा आणि घरातल्या कुठल्याही भांडणावर पांघरूण घालायचा. यावरही घातलं असतं. तिला ते नको होतं. आपला पाणउतारा चारचौघांत झाला होता, यांचाही चारचौघांतच व्हायला हवा.

मंगळवारी सकाळी कँटीनवाल्या बाई यायच्या. तीन कचेऱ्यांची कँटीनं त्या चालवायच्या, महिन्याला चाळीस किलो घ्यायच्या, आणि माल स्वतः बघून न्यायच्या. त्या दिवशी तिनं लवकर उठून माळ्यावरचे, तीन महिन्यांपूर्वी भाजलेले दाणे काढले, भट्टीत दोन मिनिटं नुसते गरम केले म्हणजे वास थोडा जागा होईल, नव्या पिशवीत भरले आणि वर आजची तारीख घातली. शिवाय खात्रीसाठी एक फडकं फिनेलमध्ये बुडवून सासऱ्यांच्या खुर्चीखाली टाकलं. ते येऊन बसले, चष्मा पुसला, पेपर उघडला. तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं इतका दर्प होता. त्यांनी भुवईसुद्धा हलवली नाही.

बाई आल्या, नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, फरशी पुसलीत वाटतं. तिनं मान डोलावली आणि पिशवी सासऱ्यांपुढे ठेवली.

त्यांनी नेहमीसारखा दणदणीत वास ओढला. ते 'ताजं' म्हणतील याची ती वाट बघत राहिली. पण त्यांनी दाणे तळहातावर घोळवले. अंगठा नि बोट एकमेकांवर घासून तेलकटपणा बघितला. एक दाणा दाताखाली फोडला. मग थोडे दळून काचेच्या ग्लासात टाकले आणि किटलीतलं कढत पाणी वरून सोडलं. हे सगळं ते रोजच करायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं हौस आहे, तिला वाटायचं नाटक आहे. ताज्या कॉफीवर पाणी पडलं की ती फसफसून फुगते, फुगा धरते. ही मात्र चिखलासारखी बसून राहिली.

"तीन महिन्यांचे दाणे," ते बाईंना म्हणाले. "तारीख आजची. अक्षर हिचं."

बाई तिच्याकडे बघत होत्या, आणि आता गप्प बसणं म्हणजे चोर ठरणं.

"यांना वास येत नाही," ती म्हणाली. "काहीच येत नाही. सकाळपासून खुर्चीखाली फिनेलचं फडकं आहे, विचारा त्यांना. तेच दाखवायला मी तारीख घातली."

सासरे वाकले. फडकं ओढून काढलं, त्याच्याकडे बघितलं, आणि सवयीनं नाकाशी नेलं. मग ते मांडीवर ठेवून ते बाईंशी बोलले, तिच्याशी नाही. चार वर्षं झाली, एका तापानंतर वास गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून हात, दात आणि पाण्यावरच काम चाललंय.

बाईंनी पर्स उचलली. "काका, तुमच्या नाकाशी मला काही घेणं नाही. पण एकमेकांना पकडायला जिथं खोट्या तारखा घालतात, तिथली कुठली तारीख मी खरी मानू?"

त्या गेल्या, त्या पुन्हा त्या दुकानाची पायरी चढल्या नाहीत.

दोघंच उरल्यावर तिनं विचारलं, "माझ्या तीन पिशव्या परत केल्यात, त्या खरंच शिळ्या होत्या?"

"पहिल्या दोन होत्या. तोंडं नीट बांधली नव्हतीस, हवा लागली होती. तिसरी चांगली होती."

"मग ती का परत केलीत?"

"तुझा चेहरा बघायला," ते म्हणाले आणि फडकं तिच्या पायाशी टाकलं.

संध्याकाळी नवऱ्यानं दोघांचंही ऐकून घेतलं आणि गाडी धुवायला गेला. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी आपली खुर्ची मागच्या खोलीत नेली. पुढचं, माल पारखायचं टेबल तिचं झालं. सहा वर्षं तिला तेच हवं होतं.

पहिल्याच आठवड्यात तिला कळलं की या दुकानात बसून वासाचा काही उपयोग नाही. भिंतींपासून पोत्यांपर्यंत सगळ्यालाच कॉफीचा वास, त्यात कुठलाही दाणा ताजाच वाटायचा. मग तीही दाणे घोळवू लागली, पाणी ओतू लागली. एकदा फळीच्या टोकाला एक पिशवी सापडली, तारखेची चिठ्ठी गळून पडलेली. समोर गिऱ्हाईक उभं होतं. तिनं पाणी सोडलं. कॉफी जराशी उचलली, दोन-चार बुडबुडे आले आणि खाली बसली. आठवड्याची की महिन्याची? तिला काही केल्या उमगेना. शेवटी मानापमान बाजूला ठेवून, ग्लास घेऊन ती मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

सासऱ्यांनी पेपरवरून ग्लासाकडे एकदाच बघितलं. कॉफी किती जुनी ते त्यांना कळलं होतं, हे तिला स्पष्ट दिसलं.

"तुला नाक आहे ना, सूनबाई?" ते म्हणाले. "वास घे."

आणि पेपर वर धरला. ती बाहेर आली, आज माल नाही असं गिऱ्हाइकाला सांगितलं, आणि सगळी पिशवी कचऱ्याच्या पत्र्याच्या डब्यात रिकामी केली. दाणे बराच वेळ खडखडत पडत होते. आत पेपराचं पान उलटल्याचा आवाज आला.