लोमा मोचाच्या नोंदी

वीज सकाळी दहाला आली. म्हणजे दोनपर्यंत जाणार, हे इदाल्मिसला कोणी सांगायला नको होतं. तिने आधी भाताचा कुकर लावला, मग पाण्याची मोटर सुरू केली आणि सर्वांत शेवटी लॅपटॉप उघडला. शुक्रवार होता. शुक्रवारी विल्बेर यायचा.

विल्बेर बाराकोआत आठवड्याची डिस्क फिरवायचा. ग्वांतानामोहून बसने एक हार्ड डिस्क यायची. तिच्यात मालिका, सिनेमे, गाणी, फोनची अ‍ॅप्स असं सगळं कोंबलेलं असायचं. इंटरनेटवरून हे उतरवून घेणं कोणालाच परवडत नसल्यामुळे घरोघर त्याचीच वाट बघितली जायची. ज्याला जे हवं ते तो उतरवून द्यायचा. महिन्यातून एकदा ट्रकमध्ये बसून पार माइसीच्या दीपगृहापर्यंत जाऊन यायचा. त्याच डिस्कवर, मालिकांना चिकटून, ‘गोगलगाई’ नावाचा एक फोल्डर आठ वर्षं फिरत होता. तो इदाल्मिसचा होता.

ती रंगीत गोगलगाई मोजायची. लोमा मोचा टेकडीच्या उतारावर तिने दोरीने चाळीस चौकोन आखले होते. आठवड्यातून दोनदा वर जायचं, झाडाचं पान अन् पान उलटून बघायचं, आणि चौकोन, झाड, संख्या, रंग, पाऊस असं सगळं फोनवर लिहायचं. पूर्वी हे वह्यांमध्ये होतं. वादळाने कार्यालयाचं छप्पर नेलं तेव्हा वह्यांचा लगदा झाला, आणि तेव्हापासून नोंदी क्लाउडवर गेल्या. पण एकदा हात पोळलेली बाई ती. दर शुक्रवारी ती लॅपटॉपवरचा फोल्डर स्वतःच्या डिस्कवर उतरवायची आणि दुसरी प्रत विल्बेरच्या डिस्कवर टाकायची. मग फाइली मोजायची. इकडे जितक्या तितक्याच तिकडे, असं दिसलं की झाकण बंद.

ऑगस्टमध्ये त्या क्लाउडवाल्या कंपनीचा मेल आला होता. एक सप्टेंबरपासून या बेटावरून सेवा मिळणार नाही, साठवलेला मजकूर पुसला जाईल, त्याआधी आपापलं उतरवून घ्यावं. शेजारपाजारचे लोक सिग्नलसाठी समुद्रकाठच्या कठड्यावर जाऊन बसले. कोणाचे फोटो होते, कोणाची मुलांची पत्रं होती. इदाल्मिसने मेल वाचला, आपल्याकडे प्रत आहे असं मनाशी म्हटलं आणि दुपारी चक्क झोप काढली. गेल्या कित्येक महिन्यांत तिला लागलेली ती पहिली शांत झोप होती.

आणि मग परवा सांतियागोहून दामारिसचा फोन आला. लोमा मोचाचा उतार शंख गोळा करणाऱ्यांना बंद करायचा की नाही, हे ठरवणाऱ्या समितीवर ती होती. वयाने लहान, बोलायला सरळ. वार्षिक बेरजा आमच्याकडे आल्या आहेत, ती म्हणाली, पण नुसत्या बेरजा म्हणजे तुमचं म्हणणं झालं. समितीला दर फेरीच्या मूळ नोंदी हव्यात, महिनाअखेरीपर्यंत. इदाल्मिस म्हणाली, पाठवते की.

त्यासाठीच आज तिने डिस्क लावली. सातशे एक्याण्णव फाइली. नावं बरोबर, तारखा बरोबर. तिने मेमधली एक उघडली. कोरी खिडकी आली आणि तीत एकच ओळ: ही फाइल ऑनलाइन उपलब्ध आहे. तिने एप्रिलमधली उघडली, गेल्या वर्षीची उघडली, मग २०१७ची. प्रत्येकीत तीच ओळ. मग तिने जे आठ वर्षांत एकदाही केलं नव्हतं ते केलं, फाइलींच्या आकाराचा रकाना उघडला. वरपासून खालपर्यंत एकच आकडा होता. एक किलोबाइट.

कारण शोधायला तिला पाच मिनिटं लागली. मार्च २०२१मध्ये डेटा वाचवायचा म्हणून तिने सेटिंगमध्ये एक खूण केली होती. बाराकोआत ती खूण कोणी केली नव्हती असा माणूस सापडला नसता. एकाने दुसऱ्याला शिकवली आणि गावभर झाली. त्या खुणेनंतर लॅपटॉपवर फाइलींची नुसती नावं उरली. आतला मजकूर क्लाउडवर राहायचा आणि उघडली तेवढ्यापुरता खाली यायचा. जुन्या फाइलींचाही मजकूर लॅपटॉपने जागा वाचवायला काढून टाकला. सिग्नल असताना सगळं उघडायचं, म्हणून तिला कधी शंका आली नाही. आणि डिस्कवर दर शुक्रवारी जात होती ती नावं, आधीच्या भरलेल्या प्रतींवर चढून. क्लाउडवरचा मजकूर एक सप्टेंबरला पुसला गेला होता, फोनवरच्या नोंदींसकट.

कुकरची शिट्टी झाली. ती उठली नाही.

विल्बेर आला तेव्हा भाताला खाली लागल्याचा वास येत होता. त्याने स्वतःच कुकर बंद केला आणि तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघितलं. तिने दोन वाक्यांत काय झालं ते सांगितलं.

“म्हणजे बाई, साडेतीन वर्षं तुम्ही मला हजेरीपट वाहायला लावलात,” विल्बेर म्हणाला. “मूल एकही वर्गात नाही.”

“मी मोजत होते रे दर वेळी.”

“तुम्हीच आम्हाला शाळेत सांगायला आला होतात. शंख उलटा करून बघायचा, आत जीव असेल तरच मोजायचा.”

तिला त्याचा राग आला नाही. राग यायला अंगात थोडी ताकद लागते. तिने विचारलं, तुझ्या जुन्या डिस्कवर काही उरलंय का? विल्बेर म्हणाला की दर आठवड्याला पुसल्याशिवाय नवीन माल बसतच नाही. मग खुर्चीत बसून बाटलीतलं पाणी प्यायला आणि जरा हळू आवाजात म्हणाला, बेरजा तर आहेत ना तुमच्याकडे? बेरजेवरून फेरीफेरीचे आकडे बसवता येतील. दोघं मिळून लिहू, दोन आठवड्यांचं काम आहे. सांतियागोत कोण पानं उलटून बघणार आहे?

 इदाल्मिसने ते मनात करून बघितलं. दर महिन्याला किती पाऊस पडतो हे तिला पाठ होतं. कुठल्या चौकोनात किती असतात, तेही. खोटं लिहिलं तर ते खऱ्याइतकंच खरं दिसेल, इतकं तिला ते काम येत होतं. त्यानेच ती जास्त दमली.

“थांबा,” विल्बेर एकदम म्हणाला. “माइसीचा एउदोरो म्हातारा. तो काही पुसत नाही. त्याला कळतच नाही काय ठेवायचं नि काय टाकायचं, म्हणून अख्खी डिस्क उतरवून घेतो. मुलाने पाठवलेल्या चार डिस्का भरल्यात. आणि मागे तो मला काहीतरी म्हणाला होता, गोगलगाईंची मालिका बंद पडली म्हणून. मला वाटलं, टीव्हीवरचं काहीतरी असेल.”

“कधी म्हणाला?”

विल्बेर दाराकडे बघत म्हणाला, “झाली की तीनेक वर्षं.”

शनिवारी पहाटेच्या ट्रकला जागा मिळाली ती लाकडी बाकाच्या टोकाला. युमुरीचा चढ, मग कोरडा, काटेरी किनारा. चार तासांत तिचे गुडघे लाकडासारखे झाले. एउदोरो दीपगृहाच्या अलीकडच्या वस्तीत एकटा राहायचा. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. तिने नाव सांगितलं तसा तो दारातच थांबून तिच्याकडे बघत राहिला.

“गोगलगाईवाली तूच का?” तो म्हणाला. “मला वाटलं, कोणी तरुण मुलगी असेल.”

“सुरू केलं तेव्हा होते, काका. थोडी.”

त्याने तिला बसवलं, केळीच्या पानात वाफवलेला खेकड्याचा बकान पुढे ठेवला आणि ती खाईपर्यंत विचारत राहिला. सतराव्या चौकोनातली ती पिवळी, काळ्या रेघेची, तिचं पुढे काय झालं? चार पावसाळे एकाच फांदीवर दिसली, असं तू लिहिलं होतंस. त्याने सगळं वाचलं होतं. आधी त्याला वाटलं, ही गोष्ट आहे आणि पुढे कोणीतरी माणूस येईल. माणूस आला नाही, तरी तो वाचत राहिला. इथे वर्षभर पाऊस पडत नाही, आणि तिच्या प्रत्येक पानावर पाऊस असायचा.

“मग एक दिवस पानं उघडेनात,” तो म्हणाला. “नावं यायची दर महिन्याला, आत काही नसायचं. मला वाटलं, कंटाळलीस. नुसती हजेरी लावतेस.”

इदाल्मिसने पान बाजूला सारलं आणि डिस्का बघायला मागितल्या. 

वीज साडेअकराला आली. तिसऱ्या डिस्कमध्ये, फेब्रुवारी २०२१च्या मालिकांच्या शेजारी, फोल्डर होता. फाइली चारशे अठ्ठावीस. या वेळी तिने संख्येवर विश्वास ठेवला नाही. एकेक उघडून, पहिली आणि शेवटची ओळ वाचून मगच पुढे गेली. एउदोरो शेजारी बसून होता. मधूनच तो म्हणायचा, हे आठवतंय, त्या दिवशी तुझा बूट वाहून गेला होता. पावणेतीनला शेवटची फाइल तपासून झाली आणि तीनला वीज गेली.

उरलेल्या तीनशे त्रेसष्ट कुठेच नव्हत्या. परतीच्या ट्रकमध्ये तिने हिशेब मांडला: सुरुवातीची सव्वाचार वर्षं आहेत, मग साडेतीन वर्षांचं भगदाड, आणि त्यापुढे आज. आज टेकडीवर जाऊन मोजता येईल. मधलं भरायला विल्बेर तयार होता, तीही एका परीने तयार होती. पण त्या फाइली पुन्हा त्या डिस्कवरून माइसीला जाणार आणि म्हातारा त्या वाचणार. तो सतराव्या चौकोनातल्या पिवळीला शोधणार. तिथे काय लिहायचं?

पुढच्या नऊ दिवसांत तिने चाळीसही चौकोन मोजले, एकटीने, पान अन् पान उलटून. चारशे अठ्ठावीस जुन्या फाइली, नवी मोजणी आणि एक पानाचं पत्र तिने सांतियागोला पाठवलं. पत्रात लिहिलं होतं की मधल्या काळाच्या नोंदी माझ्या चुकीने गेल्या, वार्षिक बेरजा आहेत पण त्यांना आधार नाही, समितीने त्या धरू नयेत.

दामारिसचा फोन महिनाअखेरीला आला. सुरुवातीला चौकोनामागे सरासरी अकरा होत्या, आता चार. समितीला घट दिसते, पण मधल्या खड्ड्यावर दोघा सदस्यांनी बोट ठेवलं. म्हणून उतार एक वर्षापुरता बंद होईल. वर्षभर पुन्हा दर फेरीच्या नोंदी लागतील, मग कायमचं बघू.

“बाई, तुम्ही मधलं काही पाठवलं असतंत,” दामारिस जरा थांबून म्हणाली, “तर कदाचित आत्ताच झालं असतं.”

“माहीत आहे,” इदाल्मिस म्हणाली.

एक वर्ष. आठवड्यातून दोनदा, म्हणजे शंभर वेळा चढ. तिने फोन ठेवला आणि गुडघ्याला मलम चोळत बसली.

पुढच्या शुक्रवारी वीज नऊलाच आली. विल्बेर दारात उभा होता आणि ती त्याच्याच डिस्कवरच्या नव्या फाइली एकेक उघडत होती. त्याने विचारलं, अजून किती वेळ, पुढे सात घरं वाट बघतायत. तिने हातानेच थांब म्हटलं. पडद्यावर सतरावा चौकोन होता. पिवळी, काळ्या रेघेची: दिसली नाही. पाऊस: दुपारी, थोडा.

तिने ते शेवटपर्यंत वाचलं आणि डिस्क काढून त्याच्या हातात दिली.