तोंडावर चिकटपट्टी लावलेली सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. जन्मभर पळते आहे, पण वीतभरही पुढे सरकलेली नाही! हसू नका. मी व्यायामाची सायकल, जागच्या जागी चालणारी. कारखान्यात माझे भाग जोडले, तेव्हापासूनच माझ्या अंगात चुळबुळ आहे. कधी एकदा कुणी बसतंय आणि पॅडल मारतंय, असं मला होतं.

कर्मचाऱ्यांनी तब्येतीकडे बघावं म्हणून विद्यापीठानं मला विकत घेतलं आणि परीक्षा विभागात खिडकीशी ठेवलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. माझ्या हँडलवर दोन चकचकीत पट्ट्या आहेत. त्या धरल्या की मला माणसाच्या हृदयाचे ठोके कळतात. ते भलतेच वाढले की मी टीं टीं टीं ओरडते.

सगळ्यांत आधी बसल्या काकू, विभागातल्या जुन्या कारकून. "घोडा बरा मिळाला गं बाई, चारासुद्धा मागत नाही!" म्हणाल्या. मग रोज डबा खाऊन झाला, की थोड्या वेळानं त्या आणि मी, आमची स्वारी निघायची.

आणि निकालाचा हंगाम आला! त्या दिवसांत तिथे आवाज करणारी प्रत्येक वस्तू गप्प करतात, नाहीतर गुणांची बेरीज चुकते. घड्याळाचा गजर बंद, फोन बंद. विभागाच्या साहेबांनी माझ्याही आवाजाच्या जाळीवर जाड चिकटपट्टी लावली. सीटवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, हँडलवर पिशव्या.

"निकाल लागू दे काकू, मग काय ती चाकं फिरवा," साहेब म्हणाले.

"लागू दे की! मी कुठे पळून चाललेय? आणि ही तर मुळीच नाही."

पण गठ्ठा उचलताना काकू आधाराला माझं हँडल धरायच्या. ठोके रोज जास्त धावत होते. मध्येच अडखळत होते. मी जिवाच्या आकांतानं ओरडायचे, बाहेर नुसतं फुर्र! मित्रांनो, सगळं कळतंय आणि सांगता येत नाही, तेव्हा कसं होतं, ठाऊक आहे? माझा एकेक स्क्रू तडफडत होता.

शेवटचं पाकीट बंद करायची वेळ आली आणि चिकटपट्टी संपली. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्याच तोंडावरची पट्टी खर्रकन ओढली. त्याच वेळी काकूंनी हँडल धरलं.

टीं टीं टीं टीं!

"अरे, बंद करा ते! बेरीज—" साहेब वळले. काकूंचा चेहरा घामानं डबडबला होता.

"काही नाही हो, जिना चढून आले ना..."

"काकू, जिना सकाळी चढलात. बसा. गाडी काढा रे कुणीतरी!"

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. निकाल एक दिवस उशिरा लागला. आभाळ काही कोसळलं नाही.

बऱ्या होऊन काकू परत आल्या. आता डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच, हळूहळू पॅडल मारतात. परवा त्यांनी साहेबांनाच माझ्यावर बसवलं. साहेबांनी हँडल धरलं मात्र, मी ओरडले! साहेबांचा हात आपोआप टेबलाकडे गेला.

"पट्टी शोधताय?" काकूंनी विचारलं.

साहेबांनी हात मागे घेतला आणि डॉक्टरांना फोन लावला.

मित्रांनो, माझी पॅडलं आता कुरकुरतात. तेल घाला, नका घालू. पण तुमच्या घरात कामाला जाणारं कुणी 'हे एवढं संपू दे, मग बघू' म्हणालं, तर त्यांचा हात धरा. आणि गप्प बसू नका.